तीन नावांची पाटी

उत्तर नॉर्वेत, ल्युंगेन फ्योर्डच्या काठावरच्या एका तालुक्याच्या पाटीवर आज तीन नावं आहेत. सामी भाषेत गाइवुओत्ना, नॉर्वेजियनमध्ये कोफ्योर्ड, क्वेनमध्ये काइवुओनो. मासेमारीवर जगणारे किनाऱ्याचे सामी, फिनिश वळणाची भाषा घेऊन आलेले क्वेन आणि नॉर्वेजियन इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदले. सोयरिकीने एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन भाषा आल्या. तरीही 1990 च्या दशकात पाटीवर सामी नाव चढलं, तेव्हा तिच्यावर बंदुकीच्या गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारे परके नसावेत. त्यांचीच एखादी पणजी सामीत अंगाई म्हणत असेल, हा विचार मला सोडत नाही.

इतकं आंधळेपण एका पिढीत येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शंभरेक वर्षं नॉर्वेने सामी आणि क्वेन लोकांना ‘नॉर्वेजियन’ करण्याचं धोरण चालवलं. 1902 च्या कायद्याने देशाच्या उत्तर टोकाच्या फिनमार्क प्रांतातली सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन लिहिता-वाचता येणं आणि ती रोज वापरणं बंधनकारक झालं. शाळांतून सामी आणि क्वेन हद्दपार झाल्या. वसतिगृहात आणून टाकलेल्या कोवळ्या पोरांना मास्तर काय बोलतात तेच कळेना. ते मास्तर काही राक्षस नव्हते. आपण मुलांचं कल्याण करतो आहोत, असंच त्यांतल्या बहुतेकांना वाटत असणार, आणि म्हणूनच त्यांचा हात कधी थरथरला नाही. पुढे ते काम आईबापांनी हाती घेतलं. आपण सोसलं ते लेकरांच्या वाट्याला नको म्हणून नवराबायको आपसांत सामी बोलत, आणि मूल जवळ आलं की नॉर्वेजियनवर येत. 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क आणि उत्तर त्रोम्स जाळलं, तिथली घरं लोकांनी पुन्हा बांधली. घरातली ही कुजबुज मात्र बहुतेक ठिकाणी त्या पिढीबरोबरच संपली.

12 नोव्हेंबर 2024 रोजी नॉर्वेच्या संसदेने या धोरणाबद्दल माफी मागितली. त्याच्या बरोबर चाळीस दिवस आधी, 3 ऑक्टोबरला, मराठीला अभिजात दर्जा मिळाला होता आणि आपण पेढे वाटत होतो. वाटावेतच. पण इंग्रजीपुढे मराठीची गळचेपी होते म्हणून ज्या तोंडाने आपण टाहो फोडतो, त्याच तोंडाने गोंडी, कोरकू, भिलीला ‘बोली’ म्हणून मोकळे होतो. आश्रमशाळेतलं आदिवासी पोर पहिलीत गप्प बसलं की ‘मंद आहे’ असा शेरा मारतो. त्याच्या गप्प बसण्याला आपली भाषा कारण आहे, हे आपल्या मनातही येत नाही.

हे मी लांबून सांगत नाही. गडचिरोलीतल्या एका आश्रमशाळेत मी दोन वर्षं मास्तर होतो. उन्हातून आलेला एक मुलगा माझ्याजवळ येऊन ‘एर’ म्हणाला. गोंडीत एर म्हणजे पाणी, एवढं मला ठाऊक होतं. तरी भरलेला पेला हातात धरून मी म्हणालो, ‘पाणी म्हण.’ तो पेल्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, तेव्हाच मी पेला पुढे केला, आणि आपण शिकवलं याचं मला समाधान वाटलं. आज तो बाप झाला असेल. त्याच्या घरी तहानलेलं पोर काय म्हणतं, ते मला जाऊन विचारायचं आहे. आणि तो प्रश्न विचारण्यापुरती तरी गोंडी, या वयात, आधी शिकायची आहे.