आधी वायर, मग हँगर, मग डिरेलर

गिअरची सायकल वर्ष-दीड वर्ष नीट चालते आणि मग कुरकुरायला लागते. एक खटका दिला तर साखळी दोन चकत्यांच्या मध्ये घुटमळते, दुसरा दिला तर एकदम दोन पायऱ्या उडी मारते. चढावर नेमकी घसरते. मग कुणीतरी सल्ला देतो, "मागचा डिरेलर बदलून टाका, वरच्या दर्जाचा बसवा, लोण्यासारखा चालेल." हल्ली तो भाग मोबाइलवर मागवता येतो, दोन दिवसांत घरी येतो. माणूस खूश होतो. बसवल्यावर आठ दिवस बरं चालतं आणि पुन्हा तीच कटकट सुरू होते.

या सल्ल्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डिरेलर हा सगळ्यात शेवटी बदलायचा भाग आहे, आणि बदलायचाच असेल तर तो दर्जाच्या नावावर नव्हे, आपल्या रस्त्याच्या आणि चकत्यांच्या हिशोबाने निवडायचा असतो. मी पोटापाण्यासाठी उर्दू आणि मराठी शिकवतो, सायकली दुरुस्त करत नाही. पण शाळेत रोज सायकलनेच जातो, महिन्यातून एखाद्या रविवारी दौलताबादचा घाट चढून खुलताबादपर्यंत जाऊन येतो. त्यामुळे स्टाफरूममध्ये आणि पालकसभेनंतर हा प्रश्न माझ्याकडे येतोच. एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

मागचं हे यंत्र करतं काय, ते आधी पाहू. एक समांतरभुज चौकट, एक स्प्रिंग, दोन छोट्या पुली. हँडलवरचा खटका वायर ओढतो, चौकट आत सरकते, वरची पुली साखळीला मोठ्या चकतीखाली नेऊन उभी करते. वायर सैल सोडली की स्प्रिंग तिला परत लहान चकतीकडे नेते. खालची पुली साखळीचा झोल आवरून धरते. बस, एवढंच.

सायकलच्या इतिहासात या यंत्राला मान मिळायला वेळ लागला. टूर द फ्रान्सच्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. चकत्यांच्या उताराशी समांतर सरकणारी तिरकी चौकट जपानच्या सनटूर कंपनीने १९६४ मध्ये आणली. आणि १९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एसमध्ये खटक्याने गिअर बदलायची पद्धत बसवली. त्याआधी सायकलस्वार दांडी हाताने सरकवून, कानाने ऐकून जागा शोधायचा. यंत्र दोन केस इकडेतिकडे असलं तरी हात सांभाळून घ्यायचा. खटका आला आणि ही सवलत संपली. आता एका खटक्याला वायर ठरावीकच सरकणार, आणि बाकी सगळं जागेवर असेल तरच साखळी चकतीवर बसणार. सात गिअरच्या सायकलीत एका चकतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सुमारे ५ मिलिमीटर अंतर असतं. दहा गिअरमध्ये ते ४ मिलिमीटरच्या आसपास येतं. गिअर वाढले की चुकीला जागा कमी होते. म्हणून खर्च करण्याआधी बाकीचं जागेवर आहे का, हे पाहावं लागतं.

पहिली तपासणी वायरची. एक सोपी खूण सांगतो. मोठ्या चकतीकडे गिअर नीट जातो, पण लहान चकतीकडे परत येताना रेंगाळतो, असं होत असेल तर संशय वायरवर घ्या. जाताना अंगठ्याचा जोर वायर ओढतो, येताना फक्त स्प्रिंग ओढते. आवरणात गंज, धूळ, पावसाचं पाणी शिरलं असेल तर स्प्रिंग बिचारी हरते. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ आणि जूनचा पाऊस यांत वर्षभराने आवरण आतून खराब होणं अगदी साहजिक आहे. मागच्या टोकाला जो आवरणाचा वळणदार तुकडा डिरेलरमध्ये शिरतो, तिथे सर्वांत जास्त घाण साचते. वायर आणि आवरण दोन्ही बदला. आवरण गिअरचंच घ्या, ब्रेकचं नको. ब्रेकच्या आवरणात तारेचं वेटोळं असतं, ते दाबाखाली आखूड होतं आणि खटक्याचा हिशोब बिघडतो.

दुसरी तपासणी हँगरची. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती पट्टी म्हणजे हँगर. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ती बहुतेकदा वेगळी स्क्रूने बसवलेली असते आणि मुद्दाम नरम ठेवलेली असते, म्हणजे सायकल पडली तर ती वाकावी, चौकट वाचावी. शाळेच्या सायकलस्टँडवर मधली सुट्टी झाली की एक सायकल पडते आणि पत्त्यांसारखी सगळी रांग आडवी होते. उजव्या अंगावर पडलेल्या प्रत्येक सायकलीचा हँगर थोडाफार वाकलेला असू शकतो. सायकलच्या मागे उकिडवे बसा आणि पाहा: दोन्ही पुली आणि त्यांच्या वरची चकती एका सरळ रेषेत दिसतात का? खालची पुली आरांकडे झुकलेली दिसली तर हँगर वाकला आहे. वाकलेल्या हँगरवर कितीही महागडा डिरेलर लावा, तो वाकडाच चालणार.

तिसरी तपासणी साखळीची. साखळीच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच असतो. म्हणजे २४ कड्या मोजल्या तर बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. घरातली पोलादी पट्टी लावून मोजा. सोळांश इंच जास्त भरलं तर साखळी बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश जास्त भरलं तर चकत्याही झिजल्या असं समजा, मग नुसती नवी साखळी जुन्या चकत्यांवर उड्या मारेल.

या तिन्ही गोष्टी ठीक असतील तर स्क्रू पाहायचे. 'एच' लिहिलेला स्क्रू लहान चकतीपलीकडे जाण्यापासून अडवतो, 'एल' लिहिलेला मोठ्या चकतीपलीकडे. 'एल' सैल असेल तर डिरेलर चाकाच्या आरांत शिरतो, आणि मग डिरेलर, हँगर, आरे असा तिहेरी खर्च होतो. या दोघांना हात लावून झाला की वायरच्या टोकाची गोल चक्री अर्धा-अर्धा फेरा फिरवून ताण जुळवायचा. मोठ्या चकतीकडे जायला कंटाळा करत असेल तर ताण वाढवा, उलट असेल तर कमी करा.

आता प्रश्न उरतो, डिरेलर खरंच कधी बदलायचा? माझ्या मते दोनच वेळा. एक, त्याचे सांधे इतके झिजले की हाताने धरून हलवला तर खुळखुळतो. दोन, तुम्हाला मागे मोठी चकती हवी आहे आणि आहे तो डिरेलर तिथवर पोचत नाही.

मी बदलला तो दुसऱ्या कारणासाठी. माझ्या सायकलला पुढे ४२, ३४ आणि २४ दात, मागे १४ ते २८. घाटात २४ वर २८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचे ०.८६ फेरे. चाळिशीनंतरच्या गुडघ्यांना ते जड जातं. मागे ३४ दातांची चकती असलेलं फ्रीव्हील घेतलं की हेच ०.७१ होतं. मग डिरेलरसाठी दोन आकडे पाहायचे. पहिला, तो जास्तीत जास्त किती दातांची चकती पेलतो. मला ३४ हवे. दुसरा, एकूण क्षमता, म्हणजे साखळीचा किती झोल तो आवरतो. हिशोब सोपा आहे: पुढच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक १८, मागचा फरक २०, बेरीज ३८. डिरेलरच्या माहितीपत्रकात हा आकडा ३८ किंवा जास्त असला पाहिजे. त्यासाठी लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागतो. नवी साखळीही लांबी मोजून घ्यावी लागते, कारण जुनी आखूड पडते.

तिसरी अट खटक्याशी जुळण्याची. शिमानोच्या सहा ते नऊ गिअरच्या डिरेलरमध्ये वायर ओढण्याचं प्रमाण सारखंच असतं, म्हणून सात गिअरच्या खटक्याला त्याच घरातला आठ किंवा नऊचा डिरेलर चालतो. पण डोंगरी सायकलींसाठीचे दहा किंवा त्याहून जास्त गिअरचे डिरेलर वेगळ्या प्रमाणाचे असतात, आणि स्रॅमचं गणितच निराळं. चकचकीत बारा गिअरचा डिरेलर सात गिअरच्या खटक्याला जोडला तर पैसे जातील आणि गिअर कधीच जुळणार नाहीत. टर्नीच्या वरच्या पायरीवर आल्टस आहे, त्यावर एसेरा. रोजच्या शाळा-बाजाराच्या आणि अधूनमधून घाटाच्या सायकलीला यापुढे जायची गरज मला दिसत नाही. दिओर उत्तमच आहे, पण त्याच्यासाठी खटका, साखळी, चकत्या आणि अनेकदा मागचं चाकही बदलावं लागेल. त्यापेक्षा दुसरी सायकल घ्या.

कुणी म्हणेल, स्वस्त सायकलीवर स्वस्त डिरेलर असतो, तो बिघडणारच, यात दोष भागाचाच. काही अंशी खरं आहे. पातळ पत्र्याचे, बिननावाचे डिरेलर मीही पाहिले आहेत, ते पहिल्याच पावसाळ्यात ढिले होतात. तसला असेल तर तो खुशाल काढा. पण नावाजलेल्या कंपनीचा साधा डिरेलर, सरळ हँगरवर, नव्या वायरीसह, वर्षानुवर्षं चालतो. फरक असतो तो जोडणाऱ्या हाताचा.

आणि इथे मला खरं बोलायचं आहे. शाळेच्या कोपऱ्यावर माझा एक जुना विद्यार्थी सायकलींचं दुकान चालवतो. दहावीनंतर शिक्षण सुटलं, पण हँगर डोळ्याने पाहून सरळ करतो आणि कानाने ऐकून ताण जुळवतो. लोक त्याच्याकडे हजार-दीड हजारांचा डिरेलर हातात घेऊन येतात, छापील किंमत एका शब्दाने न बोलता भरलेली असते. तो पाऊण तास काम करून शंभर रुपये मागतो तेव्हा मात्र घासाघीस सुरू होते. "एवढ्याशा कामाचे शंभर?" तो हसून साठ घेतो. मग त्यालाही कळतं की हँगर सरळ करून साठ रुपये मिळवण्यापेक्षा नवा भाग विकून दोनशे सुटतात. पुढच्या गिऱ्हाइकाला तो भागच सुचवेल. दोष त्याचा नाही. हुनराला दाम नाही आणि डब्यातल्या वस्तूला आहे, हे त्याला आपणच शिकवलं.

गॅरेजमध्ये शिकणारी पोरं मिस्त्रीला 'उस्ताद' म्हणतात. उर्दूत शिक्षकालाही उस्तादच म्हणतात. बी.एड.च्या पदवीमुळे माझ्याशी कुणी पगारावरून घासाघीस करत नाही. त्याच्याकडे पदवी नाही, एवढाच फरक. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्यासाठी. त्यातला एक दिवस सायकलमिस्त्रीला वर्गात बोलवावा, मानधन द्यावं, खुर्ची द्यावी. बारा इंचात चोवीस कड्या मोजताना मुलांचं अपूर्णांकांचं गणितही होईल, आणि गिअर बिघडला म्हणून ज्या मुलीची सायकल घराच्या कोपऱ्यात धूळ खात पडते, ती तिला स्वतः चालू करता येईल. दोन-चार किलोमीटरवरून येणाऱ्या मुलीची सायकल बंद पडली की अनेकदा शाळेतली हजेरीही कमी होते, हे मी हजेरीपटावर पाहतो.

तेव्हा गिअर कटकटला तर आधी मिस्त्रीकडे जा. त्याला हँगर पाहायला सांगा, वायर बदलून घ्या, आणि तो मागेल ते पैसे द्या. एवढं करूनही गिअर नाहीच जुळला, तर वर लिहिलेले आकडे कागदावर मांडा आणि मग डिरेलर घ्या.