चाळीस चौरस किलोमीटर

बडोद्याहून सोमनाथला गेलेलं मराठी कुटुंब बहुधा पुढे दीवलाही जाऊन येतं. खाडीवरचा पूल ओलांडला की बेट सुरू. नागव्याच्या किनाऱ्यावर होक्याची झाडं दिसतात, ताडाच्याच कुळातली, पण खोडाला दोन-दोन फाटे फुटलेली.

भारत सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटरचा, दीव जेमतेम ४०. लोकसंख्या २०११ साली ५२,०७४. या आकड्यांवरून बेटाला किरकोळ ठरवणं मला पटत नाही. सौराष्ट्राच्या त्याच किनाऱ्यावरचं गायकवाडांचं कोडिनार १९४९ मध्ये बडोदा संस्थानाबरोबर मुंबई राज्यात आलं. दीव मात्र १९ डिसेंबर १९६१पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात राहिलं, त्यांचा किल्ला तिथे १५३५ पासूनचा! म्हणजे शेजारच्या गावांना स्वातंत्र्य मिळून चौदा वर्षं झाली, तरी या माणसांच्या डोक्यावर लिस्बनचंच राज्य होतं. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा तिथे आजही लागू आहे.

एवढा इतिहास पोटात घेऊन बसलेल्या बेटाला आपण एका दुपारीत उरकतो. या दिवाळीत जाल तेव्हा एक रात्र मुक्काम करा आणि एखाद्या वृद्ध दीवकराला १९६१ च्या आठवणी विचारा. त्या सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.