एका खंडावर खाते बंद करावे काय?

भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव पाटलाच्या चार कादंबऱ्या आहेत : ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’. पहिली १९७५ साली आली, शेवटची १९७९ साली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ‘बिढार’ने मला झपाटले. मुंबई, मित्रांची टोळकी, कफल्लकपणा, आजारपण, सारेच जिवंत. मग ‘हूल’ आणली आणि पार हिरमोड झाला. मुंबई सुटली, चांगदेव लहान गावात प्राध्यापक झाला. स्टाफरूम, संस्थेतले राजकारण, हेवेदावे आणि पुन्हा स्टाफरूम. अर्ध्यावरच पुस्तक मिटले.

एका वर्गमित्राने ऐकवले, “अरे, तू कॉमर्सचा ना? बुडीत खर्चाच्या मागे धावू नये!” तत्त्व बिनचूक आहे. दोन पुस्तकांत वेळ गेला म्हणून आणखी दोन वाचावीत, हा हिशेब चुकीचाच. मी पुढे वाचले ते निराळ्या कारणाने. बाजारात माझा व्यवहार कन्नडमध्ये, वर्गातले लेजर इंग्रजीत. मराठी उरते ती घरात आणि पुस्तकात. पहिल्याच कंटाळ्याला पुस्तक टाकायची सवय लागली, तर शाळेत कमावलेली मराठी स्वयंपाकघरापुरतीच राहील, अशी धास्ती वाटली.

‘जरीला’ हाती घेतली. पुन्हा नवे गाव, पुन्हा नवे कॉलेज. तेव्हा कुठे लक्षात आले, की हा तोचतोचपणा हाच तर विषय! माणूस गाव बदलतो, नोकरी बदलतो, पण सुटत नाही. ‘हूल’मध्ये जे रटाळ वाटले, तेच पुढे टोचू लागले. खतावणीत पुढच्या नोंदीने मागची नोंद बदलत नाही. कादंबरीमालेत बदलते.

कन्नड विभागातला माझा मित्र त. रा. सु. यांच्या चित्रदुर्गावरील कादंबऱ्या वाचतो. त्यातली एक त्यालाही जड गेली. पण तो चिकटून राहिला म्हणून १९८२ च्या ‘दुर्गास्तमान’पर्यंत पोचला. दुर्ग पडताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले, कारण तोवर तो त्या दुर्गात राहून आला होता.

प्रत्येक माला पुरी कराच, असे माझे म्हणणे नाही. दुसरी संधी देऊनही पुस्तक मुकेच राहिले, तर खुशाल परत करावे. पण एका खंडावर खाते बंद करू नये. आपल्या ग्रंथालयातल्या ‘बिढार’ची तारखांची चिठ्ठी भरून गेली आहे, ‘झूल’च्या चिठ्ठीवर मोजून चार तारखा आहेत. मध्येच गळालेल्या मित्रांनो, पाचवी तारीख तुमची असू द्या.