पंगतीतला अबोला

'आता तुला ऐकू येते ना, मग लक्ष कोठे आहे?' बालपणी कॉक्लिअर इम्प्लांट बसविलेल्या तरुणांना हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. अमेरिकेत दोन वर्षांवरील मुलांसाठी या यंत्रास १९९० साली मान्यता मिळाली. पुढे ते आपल्याकडेही आले, आणि त्या वेळची मुले आज कर्ती झाली आहेत.

वरील प्रश्नामागे एक गैरसमज आहे. कानामागचे यंत्र ध्वनी टिपते आणि त्वचेखालील भागाकडे पाठविते. अंतर्कर्णात बसविलेली बारा ते बावीस विद्युदग्रे श्रवणतंतूंस चेतना देतात. निसर्गदत्त कानात हे काम सुमारे साडेतीन हजार केशपेशी करतात. म्हणूनच शांत खोलीत समोरासमोर उत्तम संभाषण करणारी व्यक्ती मंगलकार्याच्या गलबल्यात गोंधळते. रात्री यंत्र उतरविले की तिच्याभोवती पुन्हा निःशब्दता असते.

परप्रांतस्थ मराठी घरांत याला आणखी एक पदर आहे. 'दोन भाषांनी मूल गोंधळेल, एकच भाषा बोला,' असा सल्ला त्या काळी पुष्कळ पालकांस मिळे. साहजिकच बडोद्यात शाळेची गुजराती, इंदुरात हिंदी घरात आली आणि मराठी मागे सरली. पालकांनी हे मुलाच्या हितासाठीच केले. त्यांना दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. परंतु आज तिशीतला तो मुलगा दिवाळीच्या पंगतीत आजीशेजारी बसतो, सर्व हसले की हसतो, आणि विनोद काय होता हे त्यास कोणी सांगत नाही.

दोन्ही भाषा पुरेशा कानांवर पडल्यास अशी मुले त्या दोन्ही आत्मसात करू शकतात, असे पुढील संशोधनात आढळले आहे. प्रौढपणी हे काम अवघड खरे, पण अशक्य नव्हे. आमची वाचकांस विनंती एवढीच, की अशा व्यक्तीशी उजेडात, तोंडासमोर बसून बोलावे. एका वेळी एकानेच बोलावे. नवा मराठी शब्द कागदावर लिहून दाखवावा. न समजल्यास 'जाऊ दे, काही विशेष नाही' असे मात्र म्हणू नये. ते विशेष आहे की नाही, हे त्याचे त्यालाच ठरवू द्यावे.