बोलताना अडखळताय? बोली बदलू नका, वाक्य पूर्ण करा

भूमहून पुण्याला इंजिनीअरिंगला गेलो. पहिल्याच सेमिनारमध्ये म्हणालो, "मी या सर्किटवर काम करायलोय." मागच्या बाकांवर हशा पिकला. सर्किट कुणाच्या लक्षात राहिलं नाही, 'करायलोय' मात्र राहिलं. पुढची तीन वर्षं मी वर्गात जेमतेम बोललो. शेवटच्या वर्षी कॅम्पसच्या ग्रुप डिस्कशनमध्ये उत्तर येत असूनही ते तोंडातल्या तोंडात राहिलं. यादीत नाव आलं नाही.

आपल्याकडे 'स्पष्ट बोल' म्हटलं की 'पुण्यासारखं बोल' किंवा थेट 'इंग्रजीत बोल' असाच अर्थ घेतला जातो. 'पाणी' म्हणतो की 'पानी', यावरून हुशारी मोजली जाते. मला हे साफ चुकीचं वाटतं.

मग अडतं कुठे?

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'नाही' तर त्याच्याही नंतर. 'विम्याचे पैसे खात्यात जमा झाले नाहीत' या वाक्यातले शेवटचे दोन शब्द पुटपुटले, तर समोरच्याला उलटाच अर्थ लागू शकतो. धीर सुटला की आपण नेमका हाच शेवट गिळतो. श्वास संपलेला असतो आणि नजर खाली गेलेली असते.

भूमच्या खव्याच्या भट्टीवर उभं राहून फोनवरचा सौदा ऐका. माल किती, दर काय, गाडी कधी निघणार, सगळं तीन वाक्यांत. एकही वाक्य अर्धवट नाही, कारण अर्धवट राहिलं तर नुकसान होतं. बोली अस्सल इथलीच असते. त्यासाठी कुणी व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावलेला नसतो.

रोज काय करायचं?

सकाळी दहा मिनिटं बातमी मोठ्याने वाचा. पूर्णविरामाला थांबा, श्वास घ्या, मग पुढे. शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतकाच ऐकू आला पाहिजे. घरचे हसतील, चार दिवसांनी सवय होते.

संध्याकाळी फोनच्या रेकॉर्डरवर एकच मिनिट बोला. विषय रोजचाच घ्या: दुधाचा दर वाढला की खव्याचा दर का वाढतो? एक किलो खव्याला म्हशीचं साधारण पाच लिटर दूध आटवावं लागतं, वर जळण आणि मजुरी. एवढं एका मिनिटात कुणालाही कळेल असं सांगता आलं, की निम्मं काम झालं.

रेकॉर्डिंग ऐकताना आपलाच आवाज परका आणि पातळ वाटतो. घाबरू नका. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. हाडांतून येणारा आवाज खर्जाला भर देतो. रेकॉर्डिंगमध्ये ती भर नसते. लोक आधीपासून तोच पातळ आवाज ऐकत आलेत. ऐकताना 'म्हणजे', 'काय झालं की', 'ते आपलं' किती वेळा आलं ते मोजा. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये 'म्हणजे' अकरा वेळा होतं. त्या जागी गप्प राहायला शिका. ती शांतता आपल्याला लांब वाटते, ऐकणाऱ्याला नाही.

(लहानपणापासून तोतरेपणा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सरावासोबत वाचा-उपचार तज्ज्ञाची मदत घ्या. त्यात लाज कसली?)

बोलणं ही जन्मजात देणगी असते, हा समज जुना आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. म्हणजे त्या काळातही वक्तृत्वाला उत्तेजन द्यावं लागतं, हे मान्य होतं.

खरी परीक्षा कुठे?

ग्रामसभेत. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. तरीही बोलतात तेच ते चार जण. राज्यात २०११ पासून पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभाही घ्यायची असते. तिथेही अनेकदा सह्या बायकांच्या आणि बोलणं दुसऱ्याच कुणाचं.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास ग्रामसभा असते. एकच प्रश्न घेऊन जा. पहिलं वाक्य चिठ्ठीवर लिहा, आदल्या रात्री तीनदा मोठ्याने म्हणा. उभं राहिल्यावर आधी नाव सांगा, मग थेट प्रश्न: "आमच्या वस्तीवर टँकर आठ दिवस आला नाही." 'नाही' जोरात म्हणा. आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.