शास्त्रीय विचार : निरोपांची रांग

चिरनेरपासून न्हावाशेवा बंदर फार दूर नाहीं. १९८९ सालीं तें सुरू झाल्यापासून पोलादी पेट्या वाहणाऱ्या गाड्या या बाजूस नित्याच्याच झाल्या आहेत. पुढें जागा नसली कीं मागच्या गाड्या खोळंबतात, हें पोरासोरांसहि ठाऊक आहे. घरोघरीं आलेल्या संगणकाच्या पोटांतहि असाच खोळंबा होतो, हें मात्र थोड्यांस ठाऊक असेल. आज त्याचाच विचार करूं.

संगणकांत एकाच वेळीं अनेक कामें चालतात. पण एकास दुसऱ्याच्या स्मृतींत डोकावण्याची मुभा नसते. एकत्र कुटुंबांत प्रत्येकाची पेटी निराळी असावी, तशांतलाच हा प्रकार. मग एकानें दुसऱ्यास निरोप द्यावा कसा? ‘युनिक्स’ प्रणालीच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ या १९८३ च्या आवृत्तींत यासाठीं निरोपांची रांग होती. धाडणारा निरोप रांगेंत ठेवून आपल्या उद्योगास लागतो. घेणारा सवडीनें उचलतो.

सोय उत्तम खरी, पण तिला मर्यादा आहेत. ‘लिनक्स’मध्यें, मुद्दाम बदल न केल्यास, एक निरोप ८,१९२ बाइटांहून मोठा चालत नाहीं व सबंध रांगेंत १६,३८४ बाइटच मावतात. रांग भरली कीं धाडणाऱ्यानें थांबावें, अगर नकार घेऊन परतावें. दोन कामें परस्परांच्या भरलेल्या रांगांपुढें थांबून राहिलीं, तर दोन्हीं कायमचीं अडतात! शिवाय एकानें उचललेला निरोप दुसऱ्यास मिळत नाहीं. चौघांस कळवावयाचें तर चार निरोप ठेवणें आलें. यंत्र बंद पडलें कीं रांगेंतील सारे निरोप नाहींसे होतात. उलट, कामें संपलीं तरी कोणी मोडल्यावांचून रांग मोडत नाहीं. ती जागा अडवून बसते.

कोणी म्हणेल, रांग अमर्याद कां ठेवूं नये? तसें केल्यास एकच वाचाळ काम सर्वांची स्मृति गिळून टाकील. तेव्हां मर्यादा ही आवश्यकच होय. खरा धोका निराळाच आहे. निरोप रांगेंत पडला, एवढ्यावरून तो घेणाऱ्यास पोंचला असें समजलें जातें. जेथें पैशाचा अगर रुग्णाच्या औषधाचा प्रश्न असेल, तेथें हा समज घातक ठरतो. म्हणून निरोप आधीं टिकाऊ जागीं नोंदवावा आणि काम पुरें झाल्यावर घेणाऱ्याकडून त्याची पोंच मागवावी. ज्या घरांतील तरुण ही विद्या शिकत आहेत, त्यांनीं हें विसरूं नये.

आणि इतरांनीं तरी कां विसरावें? ‘मीं सांगून ठेवलें होतें’ म्हणून घरांतील कोणाचीहि जबाबदारी संपत नाहीं. ऐकणाऱ्यानें ‘कळलें’ म्हटल्यावरच ती संपते.