राग थेट नेत्यावरच का?

३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करायला आले, तेव्हा वाई आणि पसरणी घाटाच्या वाटेवर हजारो माणसे काळे झेंडे घेऊन उभी होती. खेड्यापाड्यांतून आलेली ही माणसे मुंबईसह महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या हाकेवर जमली होती. कुणी दगड उचलला नाही, गाडी अडवली नाही. पण देशाच्या सर्वांत लोकप्रिय नेत्याला त्या दिवशी डोळ्यांसमोर काळे झेंडे आणि कानांवर निषेधाच्या घोषणा, एवढेच मिळत राहिले. ज्या सातारा जिल्ह्याने बेचाळीसनंतर प्रतिसरकार चालवून इंग्रजांना जेरीस आणले, तोच हा जिल्हा. त्या प्रतिसरकारचे नाना पाटील आता समितीच्या बाजूने साताऱ्याचे खासदार होते. या माणसांना देशद्रोही कोणत्या तोंडाने म्हणणार?

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण आहे. देशाच्या किंवा राज्याच्या नेत्यावर कुणी कडक शब्दांत बोलले की त्याच्या हेतूची चौकशी आधी सुरू होते आणि तो काय म्हणतो हे नंतर ऐकले जाते. पुष्कळदा ऐकलेच जात नाही. याला कुणी फूस लावली, हा कुणाचा माणूस, याला देशाची प्रगती का बघवत नाही, हे प्रश्न ठरलेले असतात. लोक आपल्याच नेत्यावर इतके का चिडतात, हा साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. आमच्या मते या रागाच्या मुळाशी बहुतेक वेळा हक्काची भावना असते. ज्याच्याकडून अपेक्षाच नसते, त्याच्यावर माणूस रागावत नाही. त्याला तो टाळतो.

मुंबईचा प्रश्न तरी नेहरूंच्याच अंगावर का आला? मुंबई महाराष्ट्रापासून तोडू पाहणारे हितसंबंध पुष्कळ होते, राज्यात मोरारजी देसाईंचे सरकार होते, गोळ्या पोलिसांनी झाडल्या होत्या. पण मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जानेवारी १९५६ मध्ये आकाशवाणीवरून सांगितला तो खुद्द नेहरूंनी. त्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवर माणसे पडली. सगळ्या चळवळीत मिळून हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. निर्णय ज्याच्या तोंडून ऐकला, जाब त्यालाच विचारायचा, हा लोकांचा न्याय सरळ होता. आणि तो केवळ रस्त्यावरच्या लोकांचा नव्हता. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे शिस्तीत मुरलेले सनदी अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. चढ्या आवाजात बोलण्याची त्यांची ख्याती नव्हती. तरी त्यांनी त्याच वर्षी मंत्रिपद सोडले आणि लोकसभेत उभे राहून सांगितले की, मुंबईबाबतचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न करता घेतला गेला आणि गोळीबाराची चौकशीही नाकारली गेली. पंतप्रधानांच्या कारभारावर याहून कठोर आरोप त्या काळात क्वचितच झाला असेल. तो कोणत्याही शत्रूने केला नव्हता, त्यांच्याच शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने केला होता.

आचार्य अत्र्यांनी तर ‘मराठा’तून नेहरूंवर जे आसूड ओढले, तसे आज कुणी लिहिले तर दुसऱ्या दिवशी छापखान्यावर जमाव येईल. अत्र्यांची भाषा पुष्कळदा मर्यादा सोडून जाई, हेही खरे. पण त्याच अत्र्यांनी २७ मे १९६४ रोजी नेहरू गेल्यानंतर त्यांच्यावर अग्रलेखांची जी मालिका लिहिली, ती पुढे ‘सूर्यास्त’ या नावाने पुस्तकरूपात आली. इतका व्याकूळ शोक नेहरूंच्या पक्षातल्या किती जणांनी केला, हा प्रश्नच आहे. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. या माणसाने आपल्याशी न्यायाने वागायला हवे होते, असे ज्याला मनापासून वाटत होते, त्यानेच त्याला झोडपले आणि तोच त्याच्यासाठी रडला.

राग वरपर्यंत जाण्याचे दुसरे कारण राज्यकर्ते स्वतः तयार करतात. आज सरकारी योजना म्हणजे नेत्याचा फोटो. रस्त्याच्या कोनशिलेपासून बसच्या पाठीपर्यंत आणि धान्याच्या पिशवीपासून लसीच्या प्रमाणपत्रापर्यंत तो चेहरा असतो. योजना जनतेच्या करातून चालते. पण तुम्हाला हे अमक्यांनी दिले, असे जाहीर सभांतून वारंवार सांगितले जाते. मग कांद्याचा भाव कोसळल्यावर शेतकऱ्याने कुणाकडे बोट दाखवावे? निर्यातबंदीची अधिसूचना काढणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव लासलगावच्या बाजार समितीत कुणाला ठाऊक नसते. ट्रॅक्टर भरून कांदा आणायचा, लिलावात वाहतुकीचा खर्चही निघणार नाही असा भाव ऐकायचा आणि समोरच्याच भिंतीवर हसरा चेहरा पाहायचा. अशा वेळी तोंडून जे निघते ते सुसंस्कृत नसते, पण ते नेमक्या ठिकाणी निघालेले असते. श्रेय एका माणसाच्या नावावर जमा केले की दोषही त्याच नावावर चढतो. यात जनतेचा काही अन्याय नाही.

शिवाय राग व्यक्त करायला खाली जागा उरलेली नाही. मुंबई, पुणे, नागपूर अशा महानगरपालिकांच्या निवडणुका २०२२ मध्ये व्हायला हव्या होत्या. त्या जानेवारी २०२६ पर्यंत रखडल्या आणि मधली वर्षे प्रशासकांचा कारभार चालला. नळाला पाणी आले नाही तर ज्याच्या दारात जाऊन ओरडावे, तो नगरसेवकच नव्हता. विधिमंडळाची अधिवेशने गोंधळात उरकली जातात, ग्रामसभा कागदावर होतात. मधले जिने असे काढून घेतल्यावर तळमजल्यावरचा माणूस गच्चीकडे बघूनच ओरडणार.

कठोर टीकेने काय साधते, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी ऑगस्ट १९६३ मधली लोकसभा आठवावी. स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध मांडला होता. नुकतेच पोटनिवडणुकीत निवडून आलेले राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, देशातली २७ कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर रोज २५ हजार रुपये खर्च होतात. हा हल्ला थेट, वैयक्तिक आणि बोचरा होता. नेहरूंनी आकडा खोडून काढला. दरडोई उत्पन्न दिवसाला पंधरा आणे असल्याचे सांगितले. लोहिया मागे हटले नाहीत. मग सरकारच्या बाजूने साडेसात आण्यांचा आकडा आला. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. पण देशातला सर्वांत गरीब माणूस किती पैशांत दिवस काढतो, हा हिशेब संसदेत मांडला गेला. गरिबीच्या मोजमापाची जी चर्चा या देशात पुढे झाली, तिला त्या भांडणाने धार आली. लोहियांनी अदबीने निवेदन दिले असते तर ते एखाद्या कपाटात गेले असते.

अशी टीका ऐकून घेण्यात नेहरूंचे मोठेपण आहे आणि त्यांचे दोषही लपवण्यासारखे नाहीत. १९३७ मध्ये त्यांनी ‘चाणक्य’ या टोपणनावाने कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’त स्वतःविरुद्धच लेख लिहिला आणि हा जवाहरलाल हुकूमशहा होऊ शकतो, असा इशारा लोकांना दिला. व्यंगचित्रकार शंकर यांना, मलाही सोडू नका, असे त्यांनी सांगितले आणि शंकर यांनीही त्यांना सोडले नाही. पण याच नेहरूंच्या सरकारने १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांची यादी वाढवली. त्यांच्याविरुद्ध कविता लिहिली म्हणून मजरूह सुलतानपुरींना मुंबईत तुरुंग पाहावा लागला. सहिष्णू नेत्याच्या राज्यातही असे घडते. म्हणून नागरिकाचे बोलण्याचे स्वातंत्र्य नेत्याच्या स्वभावावर सोडून चालत नाही. ते कायद्याने आणि न्यायालयानेच राखावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात ही रेषा आखून दिली. बिहारमधल्या या कार्यकर्त्याने जाहीर सभेत गुप्तचरांना कुत्रे आणि काँग्रेसवाल्यांना गुंड म्हटले होते. न्यायालयाने राजद्रोहाचे कलम कायम ठेवले. पण हिंसेला किंवा सार्वजनिक अशांततेला चिथावणी नसेल तर सरकारवरची कितीही कडक टीका हा राजद्रोह नव्हे, असेही स्पष्ट केले. हेच कलम लावून इंग्रजांनी लोकमान्यांना १९०८ मध्ये सहा वर्षांसाठी मंडालेला धाडले होते. मे २०२२ मध्ये न्यायालयाने ते स्थगित केले, जुलै २०२४ मध्ये ते जुन्या दंडसंहितेबरोबर गेले. मात्र नव्या न्याय संहितेतले १५२ वे कलम इतके सैल शब्दांत लिहिले आहे की, ठाण्यातल्या अंमलदाराला केदारनाथ सिंह हे नाव ठाऊक नसेल तर नागरिकाचे काही खरे नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. मुंबईत २०१२ मध्ये एका व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. २०२२ मध्ये शरद पवारांविषयीच्या समाजमाध्यमावरील मजकुरासाठी एका अभिनेत्रीला महिन्याहून अधिक काळ कोठडीत काढावा लागला. मार्च २०२५ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनगीतानंतर, ज्या खारमधल्या सभागृहात त्याचे चित्रीकरण झाले होते, तेथे शिवसैनिकांनी मोडतोड केली. तीन वेळा तीन वेगळी सरकारे होती. यातला काही मजकूर आम्हालाही ओंगळ वाटला. कुणाच्या आजारावर, शरीरावर, आईबहिणीवर, जातीवर घसरणे याला आम्ही टीका म्हणत नाही आणि त्याचे समर्थनही करणार नाही. लोहियांच्या शब्दांना धार होती, तशी त्यांच्या हातात आकडेवारीही होती. परंतु ओंगळ शब्दाचे उत्तर अटक किंवा हातोडा असू शकत नाही. अब्रूनुकसानीचा दावा आहे, प्रत्युत्तर आहे, दुर्लक्ष आहे.

टीका बंद पाडल्याने नेत्याचेच किती नुकसान होते, हे १९७७ ने दाखवले. आणीबाणीत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती. व्यंगचित्रकार शंकर यांचे ‘शंकर्स वीकली’ १९७५ मध्येच बंद झाले होते. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत निर्भयपणे बोलल्या, त्यांनाही पुढे तुरुंगात जावे लागले. सक्तीच्या नसबंदीने उत्तर भारतातल्या गावागावांत काय संताप साचला आहे, हे इंदिरा गांधींना सांगणारे कुणी उरले नव्हते. छापून येत होते ते गाड्या वेळेवर धावत असल्याचे. त्यांनी निवडणूक जाहीर केली आणि त्या रायबरेलीत ५५ हजारांहून अधिक मतांनी पडल्या. ‘शंकर्स वीकली’ चालू असते आणि वार्ताहरांची लेखणी मोकळी असती, तर त्या रागाची चाहूल त्यांना मतमोजणीच्या कितीतरी आधी लागली असती.

म्हणून राज्यकर्त्यांकडे आमची मागणी अगदी व्यवहारातली आहे. नेत्याविरुद्धच्या शब्दावरून गुन्हा नोंदवण्याआधी वरिष्ठ अधिकाऱ्याने केदारनाथ निकालाची कसोटी लावून लेखी कारण द्यावे. केवळ शब्दांवरून दाखल झालेले खटले, ते कोणत्याही पक्षाच्या नेत्यासाठी दाखल झालेले असोत, सरकारने मागे घ्यावेत. आणि पंतप्रधानांनी, मुख्यमंत्र्यांनी ठरावीक दिवशी पत्रकारांसमोर बसावे, प्रश्न आधी मागवू नयेत. नेहरू अशा खुल्या पत्रकार परिषदा नेमाने घेत. काळे झेंडे पाहून प्रतापगडावरून परतल्यावरही त्या थांबल्या नाहीत. ज्या मागणीसाठी ते झेंडे होते, ती मान्य होऊन १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला, तेव्हा पंतप्रधानपदी नेहरूच होते.